नमुना क्रमांक सात

माणूस शेवटी मातीला मिळतो, हे जाणत्यांनी फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे. पण त्याच्या कितीतरी आधी त्याचा कचरा मातीला मिळतो, हे लक्षात यायला सरकारी खातंच लागलं. माणूस एकदाच जातो. कचरा रोज जातो, दरडोई साधारण पाऊण किलो, आणि तोही ओला-सुका एकत्र जातो. (वेगवेगळा द्यावा असा नियम आहे. असा नियम आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि एवढ्यावर नियमही समाधानी आहे.)

एका शहराचा कचरा गावाबाहेरच्या एका उतारावर, चाळीस एकरांत जात असे. अकरा वर्षं गेला आणि तिथं डोंगर उभा राहिला. पाऊस पडला की पाणी डोंगरात वरून शिरायचं, आत जे जे असेल त्याची चव घेत सावकाश खाली उतरायचं आणि तळाशी पोचेपर्यंत त्याचा दाट, तांबूस काढा झालेला असायचा. हा काढा जमिनीत मुरायचा. पुढं तो कुठं जातो, हे कुणी विचारलं नाही. कुठं पाणी मुरतंय असं विचारणाऱ्या माणसाची बदली होते, हे खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मग एक दिवस वरून आदेश आला की, कचरा-विल्हेवाट स्थळांखालील मातीत योग्य ती सुधारणा करून प्रदूषणास आळा घालण्यात यावा. माणसं सुधारता सुधारता थकलेल्या शासनानं मातीकडे मोर्चा वळवला, हे समंजसपणाचंच म्हणायला हवं. माती उलटून बोलत नाही आणि सुधारली नाही तर तिच्यावर ठपका ठेवता येतो.

आदेशानुसार 'मृदा सुधारणा कक्ष' स्थापन झाला. त्यात एक मोठे साहेब, दोन मधले साहेब, चार कारकून, एक शिपाई (प्रत्यक्षात त्याची खुर्ची) आणि मातीला हात लावण्यासाठी एक तपासनीस, अशी पदं मंजूर झाली. आपली गोष्ट या शेवटच्या माणसाची आहे.

तपासनीस म्हणजे सरळमार्गी माणूस, अगदी नको तितका. घरी बायको पीठ मळायला बसली तरी हा शेजारी उभा राहून पाणी किती घातलंस म्हणून विचारायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या बहिणीनं त्याला वाढवलं. ताईची धुलाईची भट्टी होती, त्याच उताराच्या पायथ्याशी. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या चादरी तिच्याकडे धुवायला यायच्या. अंगणात एक विहीर होती आणि त्या विहिरीच्या पाण्यावर ताईनं चादरी धुतल्या, घर चालवलं आणि भावाला मातीची पदवी घेऊ दिली. त्यामुळं डोंगराखालचा काढा खाली कुठं जातो, हा प्रश्न कक्षात एकट्या तपासनिसाला घरचा होता. त्याला ती विहीर वाचवायची होती. बाकीच्यांना आदेश वाचवायचा होता.

मातीची चाचणी अगदी साधी असते. तळाला जाळी असलेलं पत्र्याचं नळकांडं घ्यायचं. त्यात तीन थरांत माती भरायची आणि प्रत्येक थराला हातोड्याचे मोजून पंचवीस ठोके द्यायचे. वरून एक लिटर पाणी ओतायचं, खाली ॲल्युमिनियमचं भांडं ठेवायचं आणि सात दिवस गप्प बसायचं. आठव्या दिवशी भांडं कोरडं निघालं तर माती उत्तीर्ण. (काहीच बाहेर पडलं नाही म्हणून उत्तीर्ण करणारी ही एकमेव परीक्षा. खात्यांतर्गत चौकशी सोडली तर.)

तपासनिसानं डोंगराच्या कडेची माती आणली, तीन थर भरले, ठोके दिले आणि दहा वाजून दहा मिनिटांनी पाणी ओतलं. वेळ लिहून ठेवावी म्हणून तो पेन शोधायला गेला. सव्वादहाला परत आला तेव्हा भांडं भरून टेबलावर सांडत होतं. त्यानं नोंदवहीत 'अनुत्तीर्ण' असं लिहिलं आणि टेबल पुसलं.

लगेच बैठक बसली. मोठ्या साहेबांनी विषयाचा सांगोपांग विचार केला. चाळीस एकरांखालची माती सुधारायची तर आधी वरचा कचरा हलवायला हवा. हलवायचा तर तो तात्पुरता कुठंतरी ठेवायला हवा. आणि कचरा कुठं ठेवावा, तर आदेशाप्रमाणे फक्त सुधारलेल्या मातीवर. अशी सुधारलेली माती कुठं मिळेल? कचरा हलवल्यावर, त्याच्या खाली. इथपर्यंत आल्यावर चहा मागवण्यात आला. चहानंतर धाकट्या मधल्या साहेबांनी असं निदर्शनास आणून दिलं की नापास झाली आहे ती चाळीस एकर माती नसून नळकांड्यातली एक किलो माती आहे. तेव्हा सुधारणा करायची ती तिच्यातच. नमुना हा जमिनीचा प्रतिनिधी असतो; आणि प्रतिनिधीचं भलं झालं की मागच्या सगळ्यांचं भलं झालं असं धरून चालण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, ती आपण एका कचऱ्यासाठी का मोडावी? ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतात तपासनिसाचंही मत होतं, कारण त्याला वाटलं की ही सुरुवात आहे.

दहा पोती बेंटोनाइट आलं. ही एक चिकणमाती. पाणी प्यायली की फुगते, आजूबाजूची सगळी भोकं बुजवून बसते आणि पाण्याला वाट म्हणून देत नाही. (कक्षातही या गुणाची दोन माणसं होती, पण त्यांना मातीत मिसळण्याची तरतूद नव्हती.) तपासनीस कामाला लागला. पहिल्या नमुन्यात काहीच मिसळलेलं नव्हतं, त्याचा निकाल आपण पाहिला. मग शेकडा दोन घातलं, तीन घातलं, चार घातलं, पाच घातलं. पाणी कधी तासात आलं, कधी दिवसात. शेकडा सहाला सहाव्या दिवशी एकच थेंब पडला आणि तपासनीस त्या दिवशी जेवला नाही. सातव्या नमुन्यात त्यानं शेकडा आठ घातलं. सात दिवस तो येता-जाता वाकून भांड्यात बघत होता. आठव्या दिवशी त्यानं भांड्यात बोट फिरवलं, आणि बोटाला धूळ लागली.

त्यानं आधी ताईला फोन केला. एक थेंबही नाही, म्हणाला.

"म्हणजे माझी विहीर वाचली म्हण," ताई म्हणाली.

"वाचली," तपासनीस म्हणाला. आयुष्यात मोजल्याशिवाय केलेलं हे त्याचं एकमेव विधान.

अहवालात त्यानं लिहिलं, 'नमुना क्रमांक सात उत्तीर्ण.' हे खरंच होतं. पहिल्या कारकुनानं पुढं पाठवताना त्याचं 'माती उत्तीर्ण' केलं, कारण क्रमांक लिहिला की संदर्भ जोडावा लागतो. दुसऱ्यानं 'स्थळाची माती उत्तीर्ण' केलं, कारण नुसती माती म्हणजे फारच मोघम. मधल्या साहेबांनी भाषा आटोपशीर करून 'स्थळ उत्तीर्ण' केलं. मोठ्या साहेबांनी सही केली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'कचऱ्याचा डोंगर गळतीमुक्त' अशी बातमी आली. या सबंध प्रवासात एकही माणूस खोटं बोलला नाही, हे कक्षाच्या कार्यसंस्कृतीला भूषणावह आहे.

उरलेली पोती डोंगराखाली कधी घालायची, असं तपासनिसानं दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्याला कळवण्यात आलं की चाळीस एकरांना नऊ पोती पुरणार नाहीत. दुसऱ्यांदा कळवण्यात आलं की उत्तीर्ण झालेल्याला पुन्हा परीक्षेला बसवता येत नाही. पोती प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातच राहिली आणि तपासनीस त्यांच्यावर बसून डबा खाऊ लागला.

नमुना क्रमांक सातचे दिवस मात्र पालटले. त्याला काचेचं कपाट आलं, कपाटात दिवा आला, दिव्याखाली पितळी पाटी आली. माती वाळून तडकू नये म्हणून रोज चार वेळा पाणी शिंपडायचं वेळापत्रक झालं. पहिल्या वर्षाची आकडेवारी कक्षाच्या पुस्तिकेत दिली आहे, ती अशी: नमुना पाहायला आलेले पाहुणे ३,१४०. अभ्यासदौरे २६. नमुन्यासोबत काढलेली छायाचित्रं ८१२ (त्यांपैकी नमुना दिसतो अशी १९). प्रत्यक्ष डोंगर पाहण्याची इच्छा व्यक्त केलेले पाहुणे १. त्यांना वास फार येतो असं सांगून डोंगराऐवजी नमुन्याचं छायाचित्र भेट देण्यात आलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर ताई कक्षात आली. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात घडी घातलेली चादर. चादर तीनदा धुतली होती आणि तिचा रंग बदामी झाला होता. ताईचं म्हणणं होतं की इस्पितळानं गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवलेत. पांढऱ्या चादरीवरचा रोगी आधीच घाबरलेला असतो, बदामी चादरीवर तो घरीच जातो म्हणे. बाटलीतलं पाणी तपासनिसानं खिडकीपाशी उजेडात धरलं. कोऱ्या चहासारखं दिसत होतं. त्यानं कधी नव्हे ते काही न मोजता बाटली खाली ठेवली.

तक्रार रीतसर नोंदवली गेली आणि चौकशी समिती बसली. समितीनं शास्त्रशुद्ध पद्धतीनं काम केलं. आधी जे अशक्य ते वगळलं. स्थळ गळतीमुक्त असल्याचा दाखला असल्यामुळे हे पाणी डोंगराकडून येणं अशक्य होतं. मग जे उरलं ते तपासलं. विहीर जुनी असणं. चादरींचा मूळचाच रंग बदामी असणं. साबण. तक्रारदार बाईंचं वय आणि नजर (बाईंनी समितीला तिच्या हजेरीपत्रकातल्या दोन चुका चष्म्याशिवाय दाखवल्यामुळे हे कारण मागे घेण्यात आलं). शेवटी निष्कर्ष असा निघाला की पाणी बाहेरून येत नाही त्याअर्थी ते विहिरीतच तयार होतं. म्हणजे त्या परिसरातलं प्रदूषणाचं एकमेव सिद्ध झालेलं उगमस्थान म्हणजे सदरहू विहीर. ही विहीर डोंगरापासून जेमतेम चारशे पावलांवर असून तिच्यातलं दूषित पाणी उत्तीर्ण मातीत शिरण्याचा गंभीर धोका संभवतो. तेव्हा आदेशाच्या मूळ भाषेनुसार, विहिरीत योग्य ती सुधारित माती घालून प्रदूषणास आळा घालण्यात यावा. पोती शिल्लक आहेतच.

ताईनं निकाल वाचला आणि ती म्हणाली की चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं, पण संन्याशानं चोराला लुटलं हे नवीनच ऐकतेय.

आता तपासनिसाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तो खुरपं घेऊन एकटाच डोंगरापाशी गेला, तळाशी हातभर उकरून त्यानं माती काढली, कक्षात आणली आणि मोठ्या साहेबांच्या समोर, त्यांच्याच टेबलावर नळकांडं ठेवून चाचणी लावली. चार मिनिटांत भांडं भरलं. साहेबांनी आपल्या फायली उचलून मांडीवर घेतल्या आणि ते शांतपणे बघत राहिले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी तपासनिसाला बसायला सांगितलं.

"हा नमुना नव्हे," ते म्हणाले. "नमुना कपाटात आहे. ही नुसती माती आहे."

"साहेब, पण डोंगराखाली हीच आहे."

"असेल ना. पण ती आपल्या रेकॉर्डवर नाही."

तपासनिसानं तरीही अहवाल लिहिला. 'स्थळ अनुत्तीर्ण. विहीर निर्दोष.' एवढ्या चार शब्दांचा अहवाल कक्षाच्या इतिहासात दुसरा नाही. तो त्यानं पहिल्या कारकुनाच्या टेबलावर ठेवला. कक्षात अशी सात टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर शिक्क्यांचे ठोके बसत. सात दिवसांनी तपासनीस सातव्या टेबलाखाली जाऊन वाकून बघून आला. काहीही खाली आलेलं नव्हतं. त्याला पहिल्यांदाच वाटलं की आपण बेंटोनाइटवर उगाच जीव टाकला, याहून पक्का माल कक्षात तयारच होता.

विहीर बुजवण्याचं काम तपासनिसाकडेच आलं. शेकडा आठचं प्रमाण दुसऱ्या कुणाला साधत नव्हतं. तो नाही म्हणू शकला असता. मग ते काम धाकट्या मधल्या साहेबांनी केलं असतं आणि विहिरीला भेगा पडल्या असत्या. निदान आपल्या हातून तरी वेडंवाकडं होऊ नये, असं त्यानं मनाशी ठरवलं. सरळमार्गी माणूस असाच अडकतो.

विहिरीत आधी दगड-मुरूम टाकला, आणि वर माती. तो ती थराथरानं भरत होता. ताई काठावर उभी होती. तिनं रहाटाचा दोर काढून व्यवस्थित गुंडाळून ठेवला होता. कुणाच्या उपयोगी पडेल, म्हणाली. पहिला थर झाला, पंचवीस ठोके. दुसरा झाला. तिसऱ्या थराला तपासनिसाचा हात अठराव्या ठोक्यावर थांबला. त्याला रडू येत होतं, आणि रडता रडता आकडा चुकेल ही भीतीही होती.

"अठरा झाले," ताई म्हणाली. "सात राहिले. नीट कूट, बाबा. तुझं काम पक्कं असतं." मग तिनं विचारलं, "एवढी चांगली माती होती, तर ती वर का नाही रे घातलीत?"

"वर जागा नव्हती, ताई," तपासनीस म्हणाला, आणि त्यानं उरलेले सात ठोके दिले.

प्रकल्प पूर्णपणे यशस्वी झाला. विहिरीतून दूषित पाणी येण्याच्या घटना: शून्य. बदामी चादरींबाबत तक्रारी: शून्य (चादरी आता दुसरीकडे धुतल्या जातात). सुधारित माती प्रत्यक्ष जमिनीत घालून केलेल्या कामाचं संपूर्ण परिसरातलं हे एकमेव उदाहरण असल्यानं पुस्तिकेत त्याला अर्धं पान मिळालं. कक्षानं ताईलाही वाऱ्यावर सोडलं नाही. अनुकंपा तत्त्वावर तिची नेमणूक नमुना क्रमांक सातचं कपाट पुसायला आणि त्यावरचा पांढरा अभ्रा रोज धुवायला करण्यात आली. धुवायचं पाणी टँकरनं येतं, लांबून, जिथं अजून डोंगर नाही तिथून. ताई अभ्रा धुते, वाळवते, आणि नमुन्यावर पाणी शिंपडताना त्याच्याशी काहीबाही बोलते. काय बोलते ते पुस्तिकेत नाही.

तपासनिसाला मात्र झोप लागेना. शेवटी त्यानं ठरवलं की जिथून कचरा येतो तिथंच सांगावं. शहरातल्या माणसांना कळत नाही म्हणून हे चाललंय. कळलं तर ती गप्प बसणार नाहीत, असं त्याला मनापासून वाटत होतं. (वयाच्या या टप्प्यावरही.) त्यानं पदरमोड करून दोन हजार पत्रकं छापली. त्यात सगळं लिहिलं: डोंगर, काढा, कपाट, विहीर, चादर. तो स्वतः दारोदार फिरला आणि हातात पत्रकं देऊन आला. लोक फार चांगले होते. बहुतेकांनी उभ्या उभ्या वाचलं. अनेकांनी अरेरे म्हटलं. एका बाईंनी पाणी दिलं, स्वच्छ होतं. एका गृहस्थांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय, आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडी डोंगरावर रिकामी झाली तेव्हा तपासनीस तिथं उभा होता. गाडीतून पत्रकं आली. चौथ्या दिवशी आणखी आली. त्यानं सवयीनं मोजली. एकूण एक हजार नऊशे बारा. (उरलेल्या अठ्ठ्याऐंशींत लोकांनी काहीतरी गुंडाळलं असावं, कारण त्यांतली काही पुढच्या आठवड्यात ओल्या कचऱ्यासोबत आली.) सात दिवस त्यानं वाट पाहिली. कक्षात एकही पत्र आलं नाही, एकही फोन आला नाही, कपाटासमोर कुणी येऊन काही विचारलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं ताई म्हणाली. तपासनिसाला ते पटलं नाही. घड्यावरून पाणी निदान ओघळताना तरी दिसतं.

आठव्या दिवशी त्यानं नोंदवही उघडली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: नमुना क्रमांक आठ. साहित्य: नागरिक, सुशिक्षित, कोणतीही सुधारणा न केलेला. वरून ओतलं: सत्य, दोन हजार प्रती. भांडं: कोरडं. शेकडा आठ बेंटोनाइटपेक्षा सरस. शिफारस: भविष्यात कचरा-विल्हेवाट स्थळांखाली याच साहित्याचा थर द्यावा. विपुल प्रमाणात उपलब्ध.

मोठ्या साहेबांना ही शिफारस फार आवडली. फक्त एका नोंदीवर निष्कर्ष काढता येत नाही, दुसरा नमुना घेऊन खात्री करावी, असा शेरा त्यांनी मारला. तपासनिसाला तो रास्त वाटला. त्यानं मग सगळी हकिगत पुन्हा एकदा, या वेळी जरा रंगवून, हसत हसत वाचली जाईल अशी लिहून काढली. तीच तुम्ही आत्ता वाचलीत. पाणी वरून ओतून झालं आहे. भांडं तुमच्या खुर्चीखाली ठेवलं आहे, वाकून बघायची गरज नाही, तो सात दिवसांनी येऊन स्वतः बघून जाईल. तुम्ही नेहमीसारखेच बसा. नोंदवहीत नमुना क्रमांक नऊसमोर त्यानं 'उत्तीर्ण' हा शब्द पेन्सिलीनं आधीच लिहून ठेवला आहे, आणि शेजारी खोडरबरही ठेवला आहे. तो कोरा आहे.